महाराष्ट्र केसरी : एका किताबाचा इतिहास

१९६१ साल ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून अजून विसरले गेलेले नाही. त्या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावी भरले. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या. संमेलनाच्या अध्यक्षपदावर एक स्त्री बसण्याची ती पहिलीच वेळ. लष्करातल्या ज्या जुन्या घरांत मी औषधाची पेटी घेऊन जातो, त्यांतल्या कुणाच्या आजीने तेव्हा पाहुण्यांची पाने वाढली, कुणाच्या काकांनी सतरंज्या उचलल्या, हे मला ऐकून ऐकून पाठ झाले आहे. त्याच वर्षी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एक वेगळी गर्दी जमली होती. तिथे ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब पहिल्यांदा लढवला गेला आणि तो दिनकर दह्यारी या मल्लाने जिंकला. या दुसऱ्या घटनेशी आपला काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे. थोड्या आडवाटेने जावे लागेल, इतकेच.

मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला. आमच्याकडचे जैन हे शेतकरी. दिवस मावळायच्या आत जेवणारे, पाणी गाळून पिणारे, पण घरातले एक तरी पोर तालमीत गेलेच पाहिजे असे मानणारे. मांसाशिवाय पैलवान होत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी आमच्या गल्लीतल्या म्हशी मोजायला हव्या होत्या. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि ज्वारीची भाकरी एवढ्यावर अंगे भरत. अहिंसेचे व्रत आणि माणसाला उचलून आपटणे यांचा मेळ कसा बसतो, असे मी एकदा आजोबांना विचारले होते. ‘कुस्तीत मारामारी नसते, पाठ लावायची असते,’ एवढेच ते म्हणाले आणि बैलांकडे गेले. मी स्वतः दोन पावसाळे हौद्यात काढले, कान शाबूत ठेवून बाहेर पडलो आणि होमिओपॅथीकडे वळलो. पुढे ग्वाल्हेरला दवाखाना थाटला, तो आजतागायत.

आता किताबाकडे वळू. कुस्ती पूर्वीही होती, इनामेही होती. पण जत्रेच्या फडात किताब नसतो, जोड असते. गावकी जोड्या लावते. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर, मग रुपयांवर, आणि शेवटची एक नंबरची कुस्ती मोठ्या इनामावर. जिंकणारा फेटा बांधून, हलगीच्या तालावर मैदानात फिरतो. दुसऱ्या दिवशी दुसरे गाव, दुसरी जोड. ‘सगळ्यांत मोठा कोण’ हा प्रश्न तिथे कायमचा सुटत नाही, आणि सोडवावा असे कुणाला फारसे वाटतही नाही. तो प्रश्न पडत असे तो राजेरजवाड्यांना. आपला पैलवान शेजारच्या संस्थानाच्या पैलवानाहून भारी असला पाहिजे, ही ईर्षा दरबाराची. तेव्हाचा सर्वांत मोठा किताब होता ‘रुस्तम-ए-हिंद’. रुस्तम हा इराणच्या शाहनाम्यातला वीर; दरबारी भाषा फारसी होती तेव्हाची ही आठवण त्या शब्दात राहिली.

या किताबाचा सर्वांत थोर मानकरी आपल्या अगदी उंबरठ्यावर वाढला. दतिया इथून जेमतेम पाऊणशे किलोमीटर. पंजाबात जन्मलेला गुलाम मोहम्मद, म्हणजेच गामा, बाप लहानपणी वारल्यावर दतियात आजोळच्या माणसांच्या हाताखाली वाढला आणि दतियाच्या महाराजांच्या पदरी राहिला. जोधपूरला बैठकांची मोठी चढाओढ झाली त्यात तो दहा-बारा वर्षांचा असताना उतरला आणि मोठमोठ्या पैलवानांच्या बरोबरीने टिकला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. १९१० साली गामा लंडनला गेला. आधी त्याला कुणी उभे करीना, उंची कमी म्हणून. मग त्याने अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला हरवले, आणि सप्टेंबरात पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी त्याची कुस्ती लागली. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी पोटावर पडून राहिला. त्याला चीत करता येईना. कुस्ती बरोबरीत सोडवली गेली. पुन्हा लढायची तारीख ठरली, त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही, आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामाला देण्यात आला. परत आल्यावर अलाहाबादला रहीमबख्श सुलतानीवाला या धिप्पाड मल्लाला हरवून तो रुस्तम-ए-हिंद झाला.

या झिबिस्कोची पुढची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण किताबाचे काय काय होऊ शकते ते तिच्यात दिसते. अमेरिकेत तोवर कुस्तीचा धंदा झाला होता. कुणी जिंकायचे, कुणी हरायचे आणि पट्टा कुणाच्या कमरेला राहील, हे कुस्ती लावणारे व्यापारी आधी ठरवीत. १९२५ साली वेन मन नावाचा फूटबॉल खेळणारा एक तगडा गडी त्यांनी जगज्जेता करून ठेवला होता. त्याच्याशी हरायला म्हणून म्हाताऱ्या झिबिस्कोला आणले. झिबिस्कोने आयत्या वेळी करार मोडला आणि खरोखरची कुस्ती केली. मनला कुस्ती येतच नव्हती. पट्टा गेला. तीन वर्षांनी, १९२८ च्या जानेवारीत, हाच झिबिस्को पतियाळाला महाराजांच्या आमंत्रणावरून गामासमोर उभा राहिला आणि एका मिनिटाच्या आत त्याची पाठ लागली. तिथे करार नव्हता. माझ्या मते धंदेवाईक किताबाच्या आणि खऱ्या किताबाच्या इतिहासातले ते दोन दिवस शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

आपल्याकडे करारी कुस्ती आली नाही असे मात्र नाही. मुंबईत ‘फ्रीस्टाइल’च्या नावाने ती जोरात चालली; दारासिंग आणि किंगकाँग ही नावे वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. १९६८ साली दारासिंगने मुंबईतच लू थेझला हरवून जागतिक अजिंक्यपद घेतले. दारासिंग मुळात मातीतला अस्सल पैलवान, याबद्दल दुमत नसावे. पण त्या तमाशाला तालमीतले वस्ताद नाके मुरडीत. आमच्या वस्तादांनी तर ‘त्या कुस्तीला तिकीट काढून गेलास तर लंगोट परत दे’ असे एकाला बजावले होते.

गामाचा धाकटा भाऊ इमामबख्श. त्याचे नाव महाराष्ट्राशी कायमचे जोडले गेले. शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले असता त्यांनी रोममधली जुनी रंगभूमी पाहिली आणि तसेच खोलगट, सगळीकडून सारखे दिसणारे मैदान कोल्हापुरात उभे केले. हे खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले, आणि पहिली मोठी कुस्ती झाली ती इमामबख्श आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबख्श जिंकला. मराठी मुलखातल्या सर्वांत नामांकित मैदानाची सुरुवात पंजाबच्या दोन मल्लांनी झाली, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल. महाराजांनी उत्तरेचे पैलवान आणून ठेवले ते मिरवायला नव्हे. त्यांच्या अंगावर खेळून इथली पोरे तयार झाली. तालमींना आश्रय मिळाला, पेठांना त्यांचा अभिमान चढला. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही नावे कोल्हापुरात आजही शाळेच्या नावासारखी घेतात.

मग संस्थाने गेली. हा धक्का गाण्याला कसा बसला ते ग्वाल्हेरकरांना वेगळे सांगायला नको. गवयाला निदान रेडिओ मिळाला. पैलवानाला रोजचे चार शेर दूध कोण देणार? गामा स्वतः फाळणीनंतर लाहोरला राहिला, आजारपणात आणि ओढगस्तीत गेला. घनश्यामदास बिर्लांनी इकडून मदत पाठवली होती. १९६० च्या मे महिन्यात तो वारला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्र राज्य जन्मले होते. योगायोगच, पण किताबाचा इतिहास लिहिणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही.

दरबार गेल्यावर किताब देणार कोण, या प्रश्नाला दोन उत्तरे निघाली. एक राष्ट्रीय. १९५८ पासून ‘हिंदकेसरी’ सुरू झाली. रुस्तम जाऊन केसरी आला. फारसी वीर गेला, संस्कृत सिंह आला. पुढच्याच वर्षी सीमाभागातल्या एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळे यांनी दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून ती गदा दक्षिणेत आणली. १९६० मध्ये गणपतराव आंदळकर, १९६४ मध्ये मारुती माने. हे दोघे १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत सुवर्णपदके घेऊन आले होते, आंदळकर ग्रीको-रोमन पद्धतीत, माने फ्रीस्टाइलमध्ये. (हे फ्रीस्टाइल ऑलिंपिकचे, मघाचे मुंबईचे नव्हे. नाव एकच पडल्याने माझ्या पिढीची फार फसगत झाली.)

दुसरे उत्तर राज्याचे. मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापली होती. राज्य झाल्यावर तिने दरवर्षी अधिवेशन घ्यायचे, जिल्ह्याजिल्ह्यातून निवडून आलेले मल्ल लढवायचे आणि शेवटी उरेल त्याला केसरी म्हणायचे, अशी रीत घातली. ही रीत वाटते तितकी साधी नव्हती. जत्रेत जोड लावताना वस्ताद आपला पठ्ठा सांभाळतो, नको असलेली जोड नाकारतो. इथे चिठ्ठी निघेल त्याच्याशी लढायचे. जत्रेत दीड तास झटून कुस्ती सोडवली तरी दोघांची अब्रू राहते. इथे एकाला हरावेच लागते. आणि दरबारात किताब राजा देई, म्हणजे राजाला पटेपर्यंत तो टिकत असे. इथे वर्ष संपले की गदा पुन्हा पणाला. आज जिंकणाऱ्याला चांदीची गदा मोहोळ घराण्याकडून मिळते, आणि तिच्यासाठी पोरे आठ-आठ वर्षे घर सोडून राहतात.

पहिला मानकरी दह्यारी. हे आडनाव मुळात गावाचे. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी दह्यारी आहे. मल्लाला गावाच्या नावाने ओळखायची जुनी पद्धत नव्या किताबाच्या पहिल्याच ओळीत आली. १९६३ ला किताब कुणालाच मिळाला नाही. पुढेही अशी वर्षे आली. मला ती रिकामी वर्षे आवडतात. निकाल लागला नाही तर लागला नाही म्हणून लिहायचे, उगाच कुणाच्या खांद्यावर गदा ठेवायची नाही, यात एक सचोटी होती. मग गणपत खेडकर दोनदा, चंबा मुत्नाळ दोनदा, १९६९ ला हरिश्चंद्र बिराजदार, १९७० आणि ७१ ला दादू चौगुले, पुढची दोन वर्षे लक्ष्मण वडार, १९७४ ला युवराज पाटील. दादू चौगुले पुढे रुस्तम-ए-हिंद झाले आणि १९७४ च्या राष्ट्रकुल खेळांत रौप्यपदक घेऊन आले. त्यांचा मुलगा विनोद २००० मध्ये महाराष्ट्र केसरी झाला, आणि त्यानंतर कोल्हापुरात गदा यायला २०२२ उजाडले. कोल्हापूरकराला हे वाक्य लिहिताना त्रास होतो.

या यादीत जी नावे नाहीत तीही पाहिली पाहिजेत. आंदळकर नाहीत, मारुती माने नाहीत. त्यांनी थेट हिंदकेसरीच घेतली. आणि खाशाबा जाधव तर असूच शकत नव्हते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या माणसाने १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले. त्यांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजारांना गहाण टाकले होते. पण खाशाबा ५७ किलो गटातले. केसरी हा सर्वांत जड गटाचा किताब. कितीही कसबी असला तरी हलक्या अंगाच्या मल्लाला त्याच्या वजनातले पदक मिळेल, लोक त्याला केसरी म्हणणार नाहीत. आमचे एक चुलते असेच. ढाक इतकी सफाईने मारीत की समोरचा पडल्यावरच त्याला कळे. वजन कधी साठाच्या वर गेले नाही. म्हातारपणी ते म्हणत, ‘मला कुणी हरवलं नाही, वजनकाट्यानं हरवलं.’ मी डॉक्टर म्हणून सांगतो, हाडापेराची ठेवण खुराकाने बदलत नाही. हा या किताबाचा उणेपणा आहे आणि तो आरंभापासूनचा आहे.

आता ज्यासाठी ही आडवाट धरली ते सांगतो. यादी नीट वाचा. १९६६ चा महाराष्ट्र केसरी कोण? दीनानाथ सिंह. नावातच उत्तर हिंदुस्थान. पैलवान मात्र कोल्हापूरचा. १९८० ला इस्माईल शेख, १९९२ ला त्यांचे भाऊ आप्पालाल, २००२ ला मुन्नालाल. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या एकाच घरात तीन गदा. २०११, १२ आणि १३ अशी ओळीने तीन वर्षे नरसिंग यादव. घर उत्तर प्रदेशातले, वाढले मुंबईत. महाराष्ट्राच्या नावाचा सर्वांत मोठा किताब, आणि तो मिळवायला मराठी आडनाव लागले नाही, जात लागली नाही, घरची भाषा कुणी विचारली नाही. इथल्या तालमीत घाम गाळला, इथल्या जिल्ह्यातून निवडून आला, पुरे. खासबागेच्या पहिल्या कुस्तीपासून चालत आलेली ही रीत आहे.

उलट बाजू आपली. दोनशे वर्षांहून अधिक काळ आपण इथे मराठी बोलतो, गणपती बसवतो, पुरणपोळी करतो. पण ग्वाल्हेरचा मराठी पोरगा उद्या पैलवान झाला तर तो महाराष्ट्र केसरीला उतरू शकणार नाही. त्याचा जिल्हा मध्य प्रदेशात. यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही. संमेलन भाषेचे होते म्हणून ते १९६१ ला ग्वाल्हेरला येऊ शकले. किताब राज्याचा होता म्हणून तो औरंगाबादला राहिला. ‘महाराष्ट्र’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ त्या एकाच वर्षी वेगवेगळ्या गावी उभे होते. आपल्या घरांत अजूनही ‘आपण महाराष्ट्रीय’ असे सहज म्हटले जाते, तेव्हा आपल्याला यांतला कोणता अर्थ अभिप्रेत असतो, हे मी अनेकांना विचारून पाहिले. उत्तर देण्याआधी सगळे थोडे थांबतात.

किताबाचे पुढचे दिवस तितके सुखाचे नाहीत. मातीच्या जोडीला गादी आली. ऑलिंपिक गादीवर होते, तेव्हा ती यायलाच हवी होती. आता माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात गदेची कुस्ती होते, आणि ती गादीवर. तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद मुरवून अंग घडवलेल्या पोराला शेवटची सहा मिनिटे परक्या घरात लढायची असतात. आणि तिथे चितपट नसली तरी गुणांवर निकाल लागतो. चितपट सगळ्या मैदानाला दिसते. गुण फक्त पंचांना दिसतात. २०२३ च्या जानेवारीत पुण्याला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला चार गुण द्यावेत की नाही, यावर महाराष्ट्रभर आठवडाभर वाद चालला. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पंचांनी शिवराज राक्षे चीत झाल्याचा निर्णय दिला. पाठ टेकलीच नाही म्हणत त्याने पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. राक्षे हा आधीचा महाराष्ट्र केसरी. ती लाथ मी दूरचित्रवाणीवर पाहिली आणि संच बंद केला. माझ्या लहानपणी हरलेला मल्ल पंचांच्या पाया पडून जाई. मात्र हेही लिहिले पाहिजे की ज्याचे आठ वर्षांचे दूध-बदाम एका शिट्टीवर अवलंबून असतात, त्याचा तोल जाणे मला कळू शकते. माफ करता येत नाही, कळते.

त्याहून मोठे दुखणे दुसरे आहे. परिषदेत फूट पडली आणि अधिवेशने दोन होऊ लागली. २०२३ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला, आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. २०२५ मध्ये पुन्हा तेच: अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चअखेर कर्जतला वेताळ शेळके. अमेरिकेतल्या धंदेवाईक कुस्तीत एका जगाचे तीन-तीन जगज्जेते असत आणि त्याचे कुणाला काही वाटत नसे, कारण पट्टा व्यापाऱ्याचा होता. इथली गदा कुणाची? एकेकाळी निकाल लागला नाही तर यादीतली जागा कोरी ठेवत. आता एका जागेवर दोन नावे बसतात. चारही पोरे खरी लढून जिंकली आहेत. त्यांच्यापैकी कुणाला खोटा म्हणायची माझी छाती नाही.

एक बरी गोष्टही याच काळातली. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. बाईची सावलीही हौद्यावर पडू न देणारे आमचे वस्ताद हयात असते तर काय म्हणाले असते, याचा मी बराच विचार केला. कुस्ती पाहायला मात्र ते गेले असते.

कर्जतची कुस्ती झाली त्या रात्री मी शिरोळला चुलतभावाला फोन केला आणि यंदा केसरी कोण, असे विचारले. तो म्हणाला, ‘कुठला सांगू?’